दर नव्वद मिनिटांनी

विल्यांदीच्या पालिकेत तीनशे बारा संगणक,
आणि त्या सगळ्यांचा उंबरठा माझ्या टेबलावर.
मी कुणाच्या खोलीत जात नाही.
इथे बसून एक ओळ बदलते,
आणि पाणीपुरवठ्यातल्या उर्वेचा ब्राउझर
पासवर्ड लक्षात ठेवेनासा होतो,
बांधकामातल्या आल्लारची लाडकी बटणं
राखाडी पडतात,
वर एक बारीक वाक्य उगवतं:
हे तुमची संस्था ठरवते.

संस्था म्हणजे मी.
लोकरी मोजे, गार कॉफी,
चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने बांधलेली.

यंत्रं गुणी असतात.
दर नव्वद मिनिटांनी सर्व्हरला विचारतात,
काही नवीन हुकूम?
तेही सगळी एकदम नाही, थोडी मागेपुढे,
दारात गर्दी नको म्हणून.
माणसं विचारत नाहीत.
माणसं जिन्यात गाठतात.

गेल्या ऑक्टोबरात शेजारच्या गावात
कुणीतरी एक बिल उघडलं,
साधंच, छपराच्या दुरुस्तीचं.
अकरा दिवस त्यांनी पावत्या हाताने लिहिल्या.
कार्बन पेपर शेवटी शाळेच्या माळ्यावर सापडला.
तेव्हापासून मला झोपेत
न लागलेली दारं वाजताना ऐकू येतात.
म्हणून एप्रिलमध्ये मी यादी उलटी केली.
आधी सगळं उघडं होतं, काही बंद.
आता सगळं बंद, काही उघडं.
वाचायला एवढासाच फरक.

मंगळवारी वाइके आली.
जमीन नोंदणीत एकतीस वर्षं.
तिच्या नावाचा अर्थच शांत,
आणि ती नावाला जागते.
म्हणाली, प्रिंटर तिरका छापतो.
प्रिंटर सरळ छापत होता.
ताकाला आली होती, भांडं पाठीमागे.
मी उगाच कागद ठोकून सारखे करत राहिले,
ती खिडकीबाहेरच्या तळ्याकडे बघत राहिली,
मग म्हणाली,
घरटं दिसत नाही.

काळ्या करकोच्याचं.
दक्षिणेच्या रानात, ओकच्या झाडावर
कुणीतरी कॅमेरा लावलाय.
कोपऱ्यात ठेवते मी, टपाल तिकिटाएवढं,
आवाज बंद.
काम थांबत नाही, हवं तर मोजून बघ.

मोजायची गरज नव्हती.
माझ्या नोंदीत ते होतंच:
आठ पाच ते चार पंचवीस, एकच पत्ता,
नोंदी जितक्या मागे जातात तितक्या मागे.
मला वाटायचं, बिघडलेलं पान असेल,
बंदच न होणारं.

अपवादासाठी अर्ज लागतो. अर्ज मीच बनवलाय.
कारणाचा रकाना रिकामा सोडता येत नाही,
तेही माझंच काम.
आमचा साहेब तीत म्हणेल,
आज हिला घरटं दिलंस,
उद्या आल्लारला फुटबॉल.
मी लिहिलं: जमिनीशी संबंधित.
खोटं नाही. झाड जमिनीतच उभं आहे.
मुदत: एकतीस ऑगस्ट.
तोवर उडून जातात बहुतेक, वाइके म्हणाली.
एका वर्षी एक पिल्लू मागे राहिलं होतं,
सप्टेंबरच्या अकरा तारखेपर्यंत.
मी तीस सप्टेंबर केलं.

हुकूम ढकलून लगेच पोचवता येतो.
मी बोटं उचलली तर ती म्हणाली,
राहू दे. इतरांसारखाच येऊ दे.

तीन वीसला मी खाली गेले.
किती महिन्यांनी कुणाच्या खोलीत.
नकाशांचा वास, शेवंतीची कुंडी,
आणि पडद्याच्या कोपऱ्यात
तिकिटाएवढं उघडलेलं घरटं.
काटक्या, शेवाळ, मधोमध खळगा.
पक्षी नाही.

मला वाटलं, माझंच काही चुकलं.
नियम तपासायला मी कीबोर्डवर वाकले.
वाइकेने नोंदवहीचं पान उलटलं.
येईल गं, म्हणाली,
तासा-दीड तासाने बघते.